झुलणारं टार्गेट, मरगळलेला फ्लिपर आणि न थांबणारी मोटर

प्रश्न थोडक्यात असा. न्यू जर्सीतल्या एका गृहस्थांनी जुन्या घराच्या सामानविक्रीत विल्यम्स कंपनीचं 1976 सालचं 'स्पेस मिशन' हे पिनबॉल यंत्र (काचेखालच्या उतरत्या फळीवर चेंडू उडवून गुण मिळवायचा खेळ) घेतलं. ते बरीच वर्षं तळघरात बंद होतं. आता चालू केलं की मधलं झुलणारं टार्गेट अडखळतं, मधेच थांबतं, आणि चेंडू त्यावर आपटला तरी कधी गुण मिळतात, कधी नाही. डावा फ्लिपर, म्हणजे बटण दाबलं की चेंडू वर मारणारी भुजा, चेंडू अर्ध्या वाटेपर्यंतच नेतो. नवा डाव सुरू करायला गेलं की आतली मोटर घरघरत राहते आणि आकड्यांची चाकं शून्यावर येऊन थांबत नाहीत. एक बंपर, म्हणजे चेंडू लागला की त्याला उडवून लावणारा खांब, कुणी न शिवता धडधडतो. कुठून सुरुवात करू, कोणते भाग मागवू, सगळीकडे गंज काढायचा स्प्रे मारला तर चालेल का, असं त्यांनी विचारलंय. शिवाय पुढेमागे हे यंत्र पुण्याच्या घरी नेलं तर तिथे चालेल का, हेही.

स्प्रेचा डबा आधी कपाटात परत ठेवा. तो मारल्यावर पहिले दोन दिवस सगळं लोण्यासारखं चालतं आणि तुम्ही माझं नाव काढून हसता. मग त्या तेलावर धूळ बसते, तिचं काळं किटण होतं, आणि आधी जो प्लंजर (कॉइलमध्ये, म्हणजे तारेच्या गुंडाळीत, वीज आली की आत ओढला जाणारा लोखंडी दांडा) नुसता कोरडा होता तो आता चिकटतो. शिवाय या यंत्रात प्रत्येक पत्तीवर, म्हणजे दुसरीला टेकली की वीज जाऊ देणाऱ्या पातळ पट्टीवर, बारीक ठिणगी उडत असते. ठिणगी आणि ज्वलनशील वाफ लाकडी पेटीत एकत्र कोंडायची नसते. कॉइलच्या आत सरकणारा प्लंजर तर कायम कोरडाच हवा. तिथे तेल नाही, ग्रीस नाही, काही नाही.

मी शिकागोच्या उपनगरात राहतो. गॉटलिब, बॅली, विल्यम्स या तिन्ही मोठ्या कंपन्या याच शहरातल्या, त्यामुळे जुनी यंत्रं आणि त्यांचे सुटे भाग इथल्या तळघरांतून अजून निघत असतात. त्याआधी इचलकरंजीत मागाच्या मोटरचे स्टार्टर उघडून कॉन्टॅक्ट साफ करण्यात माझी उमेदवारी गेली. पहिल्यांदा पिनबॉलचं पोट उघडून पाहिलं तेव्हा वाटलं, अरे, हा तर तोच घरचा स्टार्टर, फक्त साठ वेळा. सांगायचं कारण असं की ज्यांनी रिले आणि कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेने ओढले जाऊन पत्त्या मिटवणारे-उघडणारे स्विच, हाताळलेत त्यांना या यंत्राची भीती वाटायचं कारण नाही.

तुमच्या यंत्रात कॉम्प्युटर नाही. 1977 नंतर दोन-तीन वर्षांत सगळ्या कंपन्या इलेक्ट्रॉनिक बोर्डांकडे वळल्या. 'स्पेस मिशन' त्याआधीच्या शेवटच्या पिढीतलं. त्याचा आराखडा स्टीव्ह कॉर्डेक यांचा, ज्यांनी 1948 साली जेन्को कंपनीच्या 'ट्रिपल अ‍ॅक्शन'मध्ये तळाशी दोनच फ्लिपर ठेवले. त्याच्या आदल्या वर्षी गॉटलिबच्या 'हम्प्टी डम्प्टी'त विजेवर चालणारे फ्लिपर पहिल्यांदा आले होते, पण तिथे ते दोन्ही कडांना मिळून सहा होते. तुमच्या काचेवरचं चित्र 1975 च्या जुलैत अंतराळात जोडल्या गेलेल्या अपोलो आणि सोयुझ यानांचं आहे. आणि हे यंत्र आलं त्याच 1976 साली न्यूयॉर्क शहराने 1942 पासूनची पिनबॉलबंदी उठवली.

असो. या यंत्राला काही 'कळत' नाही. पत्तीला पत्ती टेकली की वीज जाते, कॉइल ओढते, काहीतरी हलतं, आणि ते हलल्यामुळे दुसरी पत्ती उघडते किंवा मिटते. त्यामुळे बिघाडाचे प्रकार दोनच: जे पुरतं हलायला हवं ते हलत नाही, किंवा जे पुरतं टेकायला हवं ते टेकत नाही. तुमच्या चारही तक्रारी यातच बसतात. कोणतेही भाग आत्ताच मागवू नका.

माझी एक चूक सांगतो, म्हणजे तुमची वाचेल. पहिलं यंत्र घेतलं तेव्हा एका रविवारी उत्साहाने बसून मी दिसेल ती पत्ती कानशीने घासली आणि दिसेल तिथे पक्कड लावून 'सरळ' केली. सुरुवातीला यंत्रात एक दोष होता. संध्याकाळी दहा-बारा झाले, आणि ते सगळे मी केलेले. तेव्हापासून माझा नियम: पत्ती दोषी आहे हे सिद्ध झाल्याशिवाय तिला वाकवायचं नाही. या यंत्रात शेकड्यांनी पत्त्या आहेत, आणि त्यातल्या बहुतेक कारखान्यातून निघाल्यापासून बरोबर जागी आहेत.

काम सुरू करण्याआधी प्लग भिंतीतून काढा. यंत्राच्या बटणावर विसंबू नका. बऱ्याच जुन्या यंत्रांत बटण बंद असलं तरी ट्रान्सफॉर्मरला 120 व्होल्ट पोचत राहतात. केबल तडकलेली किंवा दोन पिनांची असेल तर आधी तीन पिनांची घालून धातूच्या भागांना अर्थिंग द्या. फ्यूज एकेक काढून मीटरने तपासा आणि लेबलवर छापलेल्या अँपिअरचाच घाला. आधीच्या मालकाने मोठा फ्यूज किंवा चॉकलेटच्या चांदीचा कागद घातलेला मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिलाय. फ्यूज उडत नाही म्हणून तो खूश असतो, आणि खाली कॉइल भाजत असते.

आता रिसेट. हे पहिलं घ्यायचं कारण साधं आहे: डावच सुरू होत नसेल तर बाकी काही तपासता येत नाही.

तुम्ही स्टार्टचं बटण दाबलं की एक रिसेट रिले ओढला जातो आणि आपल्या एका पत्तीतून स्वतःलाच धरून ठेवतो. तो मोटरला चालवतो. मोटरच्या कंगोऱ्यांवर पत्त्यांचे गठ्ठे बसवलेले असतात, ते प्रत्येक फेरीत ठरावीक झटके देतात. प्रत्येक झटक्याला शून्यावर नसलेलं आकड्याचं चाक एक घर पुढे जातं. चाक शून्यावर आलं की त्याच्याच मागची एक पत्ती उघडते आणि त्या चाकाला पुढचे झटके मिळत नाहीत. सगळी चाकं शून्यावर पोचली की रिसेट रिले सुटतो आणि मोटर आपल्या घरच्या जागी येऊन थांबते. मोटर थांबत नाही याचा अर्थ मोटर बिघडलीय असा नाही. कुणीतरी अजून 'मी शून्यावर आलोय' असं सांगत नाहीये.

तो कोण, हे डोळ्यांनीच कळतं. मागची पेटी उघडा, यंत्र सुरू करा आणि चाकांकडे बघत राहा. तीन शक्यता आहेत. एखादं चाक थरथरतं पण पुढे जात नाही, म्हणजे यांत्रिक अडकाव. एखादं चाक शून्य ओलांडून पुन्हा पुन्हा फिरत राहतं, म्हणजे त्याची शून्याची पत्ती उघडत नाही. आणि सगळी चाकं शून्यावर निमूट उभी असूनही मोटर चालूच, म्हणजे दोष दुसऱ्या एखाद्या स्टेपरमध्ये (एकेक घर पुढे सरकून मोजणारं युनिट), चिकटून बसलेल्या रिलेमध्ये किंवा मोटरच्याच घरच्या जागेच्या पत्तीत. तिसऱ्या प्रकारात आतल्या रिलेंकडे बघा, कोणता ओढलेला राहिलाय. विल्यम्सने प्रत्येक रिलेजवळ त्याच्या कामाचं नाव चिकटवलेलं असतं. ते नाव वायरिंगच्या नकाशात शोधा आणि त्याला धरून ठेवणारी पत्ती कोणती ते पाहा. नकाशा नसेल तर काम सुरू करण्याआधी मिळवा. विल्यम्सचा नकाशा मोठा असतो, पण त्यात त्या एका रिलेची एक आडवी रेघ वाचता आली तरी पुरतं.

बहुतेक वेळा मात्र पहिलाच प्रकार निघतो. चाकाच्या मागे एक रॅचेट, म्हणजे दातेरी चकती, असतं, त्याच्या दात्यात खटका बसतो, आणि तो खटका ज्यावर फिरतो त्या कणीवर कारखान्यातलं किंवा नंतर कुणी हौसेने लावलेलं ग्रीस असतं. पन्नास वर्षांत त्याचा गोंद झालेला असतो. चाकाचं युनिट सहसा एक-दोन पकडी सोडवल्या की बाहेर येतं. कॉइलचा प्लंजर बोटाने आत दाबून हळूच सोडा. तो स्प्रिंगच्या जोरावर झटकन आणि पूर्ण परत यायला हवा. आळसावल्यासारखा आला तर प्लंजर, खटका आणि कणी सुटे करा, आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून काढा आणि कोरडेच परत बसवा. स्प्रिंग ताणायचा मोह आवरा. ढिली वाटणारी स्प्रिंग दहांपैकी नऊ वेळा घाणीशी झगडत असते. ताणलीत तर मग कॉइलला तिच्याशी झगडावं लागेल. एक धोका: अल्कोहोलचा बोळा चाकावरच्या आकड्यांना लावू नका. शाई अशी निघते की पुढे आयुष्यभर 4 चा 1 वाचत बसावं लागतं.

चाकांशिवाय स्टेपर आहेत: कितवा चेंडू, किती जमलेले बोनस, कोणाचा डाव, हे लक्षात ठेवणारी युनिटं. एका तपकिरी बेकलाइटच्या चकतीवर पितळी टिकल्या ओळीने बसवलेल्या असतात आणि त्यांच्यावरून पत्र्याची बोटं सरकतात. प्लंजर एकेक दाता पुढे सरकवतो, आणि रिसेटची कॉइल खटके उचलते तेव्हा घड्याळासारखी गुंडाळलेली स्प्रिंग सगळं एका झटक्यात शून्यावर आणते. इथली परीक्षा हाताने घ्या. शेवटच्या घरापर्यंत नेऊन खटके उचललेत तर तो दिमाखात परत येईल, कारण तेव्हा स्प्रिंग सगळ्यात जास्त ताणलेली असते. खरी परीक्षा पहिल्या घरावरून. तिथे स्प्रिंगचा जोर सर्वांत कमी असतो. पहिल्या घरावरून 'टक्' असा आवाज करत तो शून्याला भिडला तरच पास. घुटमळला तर चकती खोला.

बोटं उचलण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, कारण ती कोणत्या टिकलीवर होती हे नंतर आठवत नाही. चकती हिरव्या खरखरीत घासणीने पुसा, टिकल्या चमकू द्या, अल्कोहोलने पुसा, बोटांची टोकंही. टोकं टिकल्यांच्या बरोबर मध्यावर बसतात का बघा. दोन टिकल्यांना एकदम शिवत असतील तर बोनसचे दोन दिवे एकत्र लागतात आणि माणूस वायरिंगमध्ये भूत शोधत बसतो. टिकल्यांवर टेफ्लॉनच्या ग्रीसचा जेमतेम दिसेल असा हात फिरवला तर चालतो. हे सगळं झाल्यावरही पहिल्या घरावरून परत येत नसेल तरच स्प्रिंगला अर्धा वेढा जास्त द्या. जास्त वेढे दिले तर पुढे सरकवणारी कॉइल दमते आणि घरं गाळायला लागते.

पत्त्यांबद्दल नीट बोलायला हवं, कारण पुढे फ्लिपर आणि बंपर दोन्हीकडे त्याच लागतात. एका पत्तीच्या जोडीत लांब पत्ती हलते, आखूड पत्ती तिची वाट बघते. दोघी टेकल्या की लांब पत्तीने आखूड पत्तीला आणखी किंचित पुढे ढकललं पाहिजे. त्या ढकलण्यात पत्त्यांच्या टोकांवरचे धातूचे दोन्ही ठिपके एकमेकांवर घासले जातात आणि स्वतःच स्वतःला साफ करतात. नुसत्या टेकणाऱ्या पत्त्या आज चालतात, पुढच्या महिन्यात नाही. उघड्या असताना मधलं अंतर साधारण दीड मिलिमीटर ठेवा. कमी ठेवलंत तर यंत्राच्या हादऱ्याने त्या आपोआप टेकतात.

वाकवण्याआधी गठ्ठ्याचे दोन स्क्रू आवळा. पत्त्यांमधल्या इन्सुलेशनच्या चकत्या वर्षानुवर्षं आक्रसतात, स्क्रू ढिले होतात आणि पूर्ण गठ्ठा कलतो. बऱ्याचदा स्क्रू आवळला की 'बिघडलेली' पत्ती आपणहून जागेवर येते. तरीही वाकवायची असेल तर मुळाशी, गठ्ठ्याच्या अगदी जवळ, पत्तीसाठीच्या खाचेच्या अवजाराने वाकवा. मधेच वाकवलेली पत्ती चमच्यासारखी होते आणि पुन्हा कधी सरळ होत नाही. साफ करताना ठिपक्याचा धातू ओळखा. फ्लिपरसारख्या जास्त करंटच्या जागी टंगस्टनचे करडे, कठीण ठिपके असतात, त्यांना बारीक कानस चालते. रिलेवरचे चांदीचे ठिपके मऊ असतात, त्यांना कानस लावलीत तर एका रविवारी संपतील. तिथे मधे जाड व्हिजिटिंग कार्ड धरा, पत्त्या बोटांनी हलक्या मिटा आणि कार्ड ओढून काढा. कार्डावर काळी रेघ उमटेल, तीच घाण.

आता तुमचं टार्गेट. या यंत्राची शान तेच आहे, आणि मूळ दुखणंही बहुधा तिथेच.

यंत्रणा साधी आहे. खाली एक छोटी गिअरवाली मोटर, तिच्या फिरण्याचं एका भुजेतून इकडून तिकडे झुलण्यात रूपांतर, आणि झुलणाऱ्या टोकाला टार्गेट, ज्याच्या मागे स्वतःची पत्ती. अडखळण्याचं कारण शोधायला प्रश्नाचे दोन तुकडे करा. भुजेचा सांधा सोडा. आता टार्गेट हाताने डावीकडून उजवीकडे न्या. ते पाळण्यासारखं, स्वतःच्या वजनाने जायला हवं. जिथे हाताला टोचल्यासारखा अडथळा लागतो तिथे कणी बघा: किटण आहे, की वायर कुठे घासतेय, की आधी कुणीतरी स्क्रू इतका पिळलाय की सांध्यालाच पकडलंय. मग एकटी मोटर चालवून बघा. ती एकटीही कण्हत असेल तर तिच्या गिअरच्या डबीतलं ग्रीस मेणासारखं झालंय. डबी उघडा, जुनं ग्रीस खरवडून काढा, दाते तपासा, नवं लिथियम ग्रीस थोडंसं घाला. या यंत्रात ग्रीस शोभतं अशा मोजक्या जागा आहेत, ही त्यातली एक.

मोटर एकटी नीट फिरते, टार्गेट एकटं नीट झुलतं, आणि जोडल्यावर मात्र मधेच थांबतं, असं झालं तर मोटरच्या शाफ्टवर भुजा धरणारा छोटा स्क्रू तपासा. तो ढिला असेल तर शाफ्ट आत फिरत राहतो आणि भुजा जागीच घसरते. शाफ्टला सपाट बाजू असेल तर स्क्रू त्या सपाट बाजूवरच आवळा. आवळून झाल्यावर टार्गेट दोन्ही टोकांना कुठे धडकत नाही ना, हे हाताने सावकाश फिरवून बघा. शेवटच्या क्षणी आपटत असेल तर प्रत्येक झोक्याला मोटरला झटका बसतो आणि गिअरचे दाते आपण आजच तोडायला घेतलेत असं समजा.

गुण कधी मिळतात, कधी नाही, हे मात्र वेगळंच. पत्तीकडून खाली येणाऱ्या वायरी टार्गेटबरोबर प्रत्येक झोक्याला वळतात. वर्षानुवर्षं वळून तांब्याचे धागे आवरणाच्या आत तुटतात. बाहेरून वायर धडधाकट दिसते. मीटर आवाजाच्या मोडवर लावा, एक टोक टार्गेटच्या पत्तीला, दुसरं खालच्या जोडाला, आणि टार्गेट हळूहळू एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत न्या. पत्ती न हलवता, फक्त झुलवताना आवाज येतो-जातो झाला तर चोर सापडला. यंत्र स्थिर ठेवून तपासलं असतं तर तो कधीच सापडला नसता. मी एकदा याच दोषासाठी तीन संध्याकाळी रिले तपासत होतो.

नवी वायर घालताना खूप बारीक धाग्यांची, सिलिकॉनच्या आवरणाची लवचीक वायर घ्या. दोन्ही टोकांना सैल कमान ठेवा आणि वायर सोल्डरच्या जागेपासून दोन-तीन सेंटिमीटर आधी बांधा, म्हणजे वळण सांध्यावर येणार नाही. सोल्डर वायरमध्ये वर शोषला जातो आणि तिथे ती काडीसारखी कडक होते. जिथे कडकपणा संपतो तिथेच ती तुटते. आणि टार्गेटच्या मागच्या पत्तीचं अंतर जरा जास्त, दोन मिलिमीटरच्या आसपास ठेवा. कमी ठेवलंत तर टार्गेट टोकाला जाऊन उलटं फिरतं त्या धक्क्यानेच ती टेकते, आणि चेंडू खाली पडलेला असताना गुण वाढत राहतात. पाहुण्यांना ते फार आवडतं, पण ते बरोबर नाही.

फ्लिपरची गोष्ट बरीच लोक चुकीच्या टोकापासून सुरू करतात: जोर नाही, म्हणून जास्त ताकदीची कॉइल मागवतात. तुमची कॉइल बहुधा ठणठणीत आहे. तिच्यात दोन वेटोळी आहेत. एक जाड तारेचं, ते फ्लिपर वर फेकतं. दुसरं बारीक तारेचं, ते बटण दाबून ठेवलंत तर फ्लिपर वर धरून ठेवतं. फ्लिपर पूर्ण वर जाईपर्यंत शेवटाची एक पत्ती मिटलेली असते आणि बारीक वेटोळ्याला वगळून सगळी वीज जाड वेटोळ्यातून जाऊ देते. वर पोचताच ती पत्ती उघडते आणि बारीक वेटोळं मधे येऊन करंट कमी करतं. ही पत्ती काजळली असेल तर बारीक वेटोळं सुरुवातीपासूनच मधे राहतं, आणि फ्लिपर म्हाताऱ्याने खुर्चीतून उठावं तसा उठतो. उलट ती उघडलीच नाही तर जाड वेटोळ्यातून सतत वीज जाते आणि एखाद्या मिनिटात जळका वास येतो.

पटकन खात्री करायची असेल तर त्या पत्तीच्या दोन्ही बाजूंना क्षणभर वायरने जोडा आणि फ्लिपर एकदा मारून बघा. एकदाच, धरून ठेवू नका. जोर परत आला तर पत्ती कानशीने साफ करा. फ्लिपर अगदी वर पोचताना, शेवटच्या थोड्या हालचालीत ती उघडली पाहिजे, आणि पूर्ण उघडल्यावर अंतर तीन मिलिमीटरच्या आसपास दिसलं पाहिजे. पेटीच्या बाजूच्या बटणामागची पत्ती विसरू नका. सगळा करंट तिच्यातूनही जातो, आणि तिच्याकडे कुणी बघत नाही.

त्याने भागलं नाही तर यांत्रिक बाजू. फ्लिपर वर करून त्याचं टोक हलवून बघा. खूप डुलत असेल तर बुश, म्हणजे त्याच्या दांड्याभोवतीचं कडं, झिजलाय. खाली बघा: प्लंजरला जोडणाऱ्या दुव्याचं भोक गोलाचं अंडाकृती झालंय का, प्लंजरचं टोक आपटून आपटून छत्रीसारखं पसरलंय का. पसरलेलं टोक कॉइलच्या नळीत घासतं. नळी पितळी असेल तर काढून नायलॉनची घाला. हाच तेवढा भाग मी प्रत्येक यंत्रात डोळे मिटून बदलतो, कारण किंमत नगण्य आणि फरक लगेच जाणवतो. प्लंजर जिथे आपटतो तो थांबा हलत असेल तर त्याचे स्क्रू आवळा. नवा मागवलात तर एसीवर चालणाऱ्या कॉइलचाच मागवा. त्याच्या तोंडात तांब्याची कडी बसवलेली असते, ती चुंबकाला क्षणभरही पूर्ण सुटू देत नाही. साधा घातलात तर फ्लिपर वर धरताना मधमाशांच्या पोळ्यासारखा गुणगुणतो. आणि फ्लिपरला वर-खाली किंचित खेळ ठेवा, अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचा. लोक तो शून्य करून टाकतात आणि मग जोर का नाही म्हणून विचारतात.

आपोआप धडधडणाऱ्या बंपरला फार वेळ नको. वरच्या प्लास्टिकच्या घेराला खाली एक दांडी असते, ती चमच्यासारख्या एका खोलगट तुकड्यात टेकते. घेराला कुठूनही चेंडू लागला की दांडी कलते, चमचा दबतो, पत्ती मिटते. दांडी चमच्याच्या मध्यावर नसेल तर एका बाजूने बंपर आंधळा आणि दुसऱ्या बाजूने चिडका होतो. पत्तीच्या कंसाचे स्क्रू ढिले करून दांडी मध्यावर आणा, मग पत्तीचं अंतर वाढवा. घेराला बोटाच्या टोकाने चार दिशांनी हलकंच दाबा, प्रत्येक बाजूने सारख्याच दाबाला 'खट्' आवाज यायला हवा. बंपर सतत ओढलेला राहत असेल तर मात्र यंत्र ताबडतोब बंद करा, नाहीतर कॉइल जाईल.

चाइमबद्दल, म्हणजे गुण मिळताना वाजणाऱ्या धातूच्या पट्ट्यांबद्दल, तुम्ही विचारलं नाहीये, पण यंत्र उघडलंच आहे तर त्यांच्या प्लंजरच्या टोकाची नायलॉनची टोपी बघा. ती तुटली की लोखंड पट्टीवर आपटतं आणि मंदिराच्या घंटेऐवजी पातेलं पडल्यासारखा आवाज येतो. सगळे रबर बदला, वाळलेल्या रबराला उडी नसते. यंत्राचा उतार तपासा: या पिढीला साधारण साडेतीन अंश पुरतात. लोक नव्या यंत्रांसारखे साडेसहा अंश ठेवतात आणि मग म्हणतात, फ्लिपर चेंडू वर नेत नाही.

राहिलं पुणे. अमेरिकेतल्या वापरासाठी बनलेलं यंत्र 120 व्होल्ट, 60 हर्ट्झवर चालतं. भारतात 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झ. व्होल्टचा प्रश्न सुटतो, पुरेशा क्षमतेचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घ्या, भिंतीत लावायचा प्रवासी अडॅप्टर नको. हर्ट्झचा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही. 50 हर्ट्झवर आतला ट्रान्सफॉर्मर जास्त गरम होतो, आणि मोटरी साधारण सहाव्या हिश्शाने हळू चालतात. स्कोअरची मोटर हळू चालली तर चाकं जरा संथ लयीत टकटकतील, ते चालून जाईल. तुमचं टार्गेटही थोडं आळशी झुलेल, म्हणजे नेम धरायला सोपं. तिथे पहिल्या दिवशी अर्धा तास चालवून ट्रान्सफॉर्मरला हात लावून बघा. हात ठेवता येत नसेल इतका तापला तर स्टेपडाउनचं आउटपुट 120 ऐवजी 105-110 पर्यंत खाली आणा. त्यावर फ्लिपरचा जोर थोडा उतरेल, म्हणून शेवटाची पत्ती आणि नायलॉनची नळी इथूनच नीट करून न्या. पावसाळ्यात पाण्याची वाफ चकत्यांवर आणि चांदीच्या ठिपक्यांवर बसते, तेव्हा यंत्र आठवड्यातून एकदा तरी चालवत जा, आणि बाल्कनीजवळ ठेवू नका.